घरातला करोडगिरी नाका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर लिहायचं नव्हतं, कारण विषय आहे एका राउटरचा, आणि राउटरवर लिहिलं की आमच्या मावश्या पहिल्या ओळीलाच पान बंद करतात. पण मावशी, यावेळी वाच. आईच्या हाताचं प्लॅस्टर हे याच राउटरच्या गोष्टीत येतं.

आमचं घर धाराशिवात, जुन्या गावात. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये सरकारी कागदावर बदललं. आई मात्र आधीपासून धाराशिवच म्हणायची, आणि आमच्या इंटरनेटवाल्याच्या फॉर्ममध्ये अजूनही उस्मानाबादच निवडावं लागतं. असो.) मी पुण्यात, दादा न्यू जर्सीत, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई एकटी राहते, ती तिच्या हट्टाने, आणि हट्ट मोडायची आमची हिंमत नाही. तिला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. स्मार्टफोन हातात दिला की तिचं बोट नेमकं नको तिथे पडतं, आणि मग ती म्हणते, "ह्याला हात लावला की हे पळून जातंय." पण जुना टेलिफोनचा रिसीव्हर तिला अंधारातही सापडतो. नंबर ती बोटांनी मोजून दाबते.

जुनी लँडलाइन आम्हीच परत केली. "आता कोण वापरतं?" असं मीच म्हणालो होतो. ते वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर झालं असं की गेल्या दिवाळीत दादा येताना एक डबा घेऊन आला. इंटरनेट फोन राउटर. एका बाजूला इंटरनेटची तार लावायची, दुसऱ्या बाजूला जुना टेलिफोन. तसाच डबा त्याच्या घरी. आईने रिसीव्हर उचलून चार आकडे दाबले की तिकडे घंटा. बिल नाही, स्क्रीन नाही, "अपडेट करा" नाही. मला ही कल्पना फार आवडली. आजही आवडते.

(कायद्याची शंका काढणाऱ्यांसाठी: भारतात इंटरनेटवरून फोन करणं १ एप्रिल २००२ पासून चालतं. त्याआधी नव्हतं चालत, कारण परदेशी फोनचा मक्ता एकाच सरकारी कंपनीकडे होता. इंटरनेट सामान्य माणसाला १५ ऑगस्ट १९९५ ला मिळालं, पण त्यावर बोलायला आणखी साडेसहा वर्षं थांबावं लागलं. २००२ नंतरही इंटरनेटचा फोन देशातल्या साध्या फोनला जोडायला बंदी होती, ती उठेपर्यंत २०१८ उजाडलं. आमचं तर डब्यातून डब्यात, म्हणजे २००२ च्याच सवलतीतलं.)

डबा लावला. दिवा हिरवा व्हायला हवा होता, तो नारिंगी लुकलुकत बसला. लॅपटॉपला तीच तार लावली तर इंटरनेट धो धो. इंटरनेटवाल्याला फोन केला. "लॅपटॉपवर चालतंय ना सर? मग आमच्याकडून ओके आहे." डब्याच्या कंपनीला फोन केला. "बंद करून चालू करा." केलं. अकरा वेळा केलं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, आता डब्याला नारळ फोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात प्रकाश पडला. आमच्या इंटरनेटला लॉगिनचं पान आहे. तार जोडली की इंटरनेट येत नाही, आधी ब्राउझर उघडायचा, पान येतं, त्यावर नाव आणि पासवर्ड टाकायचा, मग दरवाजा उघडतो. तोवर तारेतून जे काही जाईल ते पलीकडे अडवलं जातं. लॅपटॉपला ब्राउझर आहे. डब्याला कुठून असणार? डबा आपला दर थोड्या वेळाने आपल्या सर्व्हरला "मी आलो, माझी नोंद घ्या" अशी हाक मारतोय आणि ती हाक गल्लीच्या तोंडालाच मारून टाकली जातेय. त्याला कुणी सांगतही नाही की पासवर्ड पाहिजे. सांगितलं तरी तो वाचणार कशावर?

आमच्या आजोबांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, करोडगिरी. धाराशिव निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. बार्शीहून सामान आणायचं म्हणजे वाटेत निजामाचा जकात नाका, तो करोडगिरी नाका. धोतरजोडी असो की गुळाची ढेप, गाठोडं सोडून दाखवा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि पुढे नाकेही इतिहासजमा झाले. मला वाटायचं ते शेवटचे. पण आमच्या माजघरात नवा बसलाय, आणि हा तर सामान बघतही नाही. रोज फक्त विचारतो, तू कोण? काल सांगितलं होतं. आज परत सांग.

पुढची खटपट थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी काहीजण याच चिखलात असतील. इंटरनेटवाल्याने लॅपटॉपचा यंत्रक्रमांक, म्हणजे मॅक अॅड्रेस, नोंदवून ठेवला होता. डब्याला तोच क्रमांक उसना दिला (सेटिंगमध्ये तशी सोय असते, क्लोन नावाची), लॅपटॉप डब्याच्या मागे जोडला आणि तिथून लॉगिन केलं. पलीकडच्याला वाटलं लॅपटॉपच आलाय. दिवा हिरवा! आईने पहिला फोन लावला आणि बाजूच्या खोलीत बसलेल्या दादाऐवजी न्यू जर्सीत त्याच्या मुलाने उचलला. आई रिसीव्हरकडे बघतच राहिली. मग दहा मिनिटं त्याला अभ्यासाचं विचारत होती.

रात्री बारा वाजता दिवा परत नारिंगी. बाराच्या ठोक्याला सगळ्यांची लॉगिन आपोआप उडतात. सिंड्रेलासारखी :-)

मग मी एक जुना राउटर पुढे बसवला आणि त्यात चार ओळींचा प्रोग्रॅम टाकला. दर पाच मिनिटांनी बघ, दरवाजा बंद असेल तर पान मागव, नाव-पासवर्ड भरून टाक. छान चाललं. फक्त आता आईला दादाचं ऐकू येईना, दादाला आईचं यायचं. याचं कारण मोठं मजेदार आहे. फोनचा निरोप हा पत्रासारखा असतो, पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या कागदावर "उत्तर इथे पाठवा" म्हणून दुसरा. घरातला राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण आतला घरगुती पत्ता तसाच राहतो, आणि उत्तर भलत्याच दारात जाऊन पडतं. यावर उपाय म्हणून राउटरवाल्यांनी सिप एएलजी नावाचा एक शहाणा आत ठेवलाय, तो पाकीट फोडून आतला पत्ताही दुरुस्त करतो. आणि बहुतेक वेळा चुकीचा करतो. त्याला बंद केलं की निम्मी दुखणी जातात. आमचीही गेली.

निम्मीच म्हणतोय, कारण आमच्याकडे पत्ते बदलणारे तीन होते. डबा एक, जुना राउटर दोन, आणि तिसरा थेट इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात. कारण आमच्या घराला स्वतःचा जगजाहीर पत्ताच नाही. १०० ने सुरू होणारा एक सामायिक पत्ता आहे, गल्लीतल्या शंभर घरांना मिळून एक दार म्हणा ना. यात त्याचा दोष नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते आहेतच मुळात ४२९ कोटी, आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. पण असं दार थोडा वेळ कुणी बोललं नाही तर लावून घेतलं जातं, म्हणून डब्याला दर तीस सेकंदांनी उगाच खोकायला लावलं. मग आले ते सोन्याचे दिवस. डिसेंबर ते फेब्रुवारी फोन एकदाही मेला नाही.

मार्चमध्ये इंटरनेटवाल्याने पान बदललं. आता ओटीपी. आणि ओटीपी येणार नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे माझ्या, म्हणजे पुण्यात.

आता चित्र बघा. रोज सकाळी शेजारची मुलगी कॉलेजला जायच्या आधी आमच्या ओट्यावर येते, तिच्या मोबाइलवर ते पान उघडते, मला फोन करते, मी पुण्यात बसस्टॉपवर उभा राहून सहा आकडे ओरडून सांगतो, ती भरते. मग धाराशिवातल्या म्हातारीला न्यू जर्सीतल्या मुलाशी बोलण्याची परवानगी मिळते. रात्री बारापर्यंत. बारा ते सकाळी सात फोन मेलेला. मला हे माहीत होतं. मी मनाशी म्हणालो, रात्रीचं कोण कुणाला फोन करतंय.

त्याच महिन्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला आई न्हाणीच्या उंबऱ्यात घसरली. मनगट मोडलं. बटणांचा मोबाइल मधल्या खोलीत चार्जिंगला, तिथे अंधारात जाण्याची तिला भीती वाटली. रिसीव्हर हाताच्या अंतरावर होता. तिने उचलला. आवाजच नाही. दिवा नारिंगी होता की काय, तेही तिला दिसत नाही. सहाला दूधवाली आली तोवर ती भिंतीला टेकून बसून होती. मी पोचल्यावर मला म्हणाली, "अरे, फोनला पण झोप लागली होती रे."

मी इथे थोडं थांबतो.

एक गोष्ट मान्य करून पुढे जातो. चूक माझी आहे. परदेशातल्या कंपनीच्या डब्यावरून ११२ लागत नाही हे मला माहीत होतं. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट यायचे, गावात लोडशेडिंग असलं तरी तो फोन जिवंत असायचा, आणि डब्याला मात्र वीज, राउटर, इंटरनेट आणि लॉगिन या चौघांची मर्जी लागते, हेही माहीत होतं. तरी लँडलाइन मी परत केली. मोबाइल उशाशी ठेवायची सवय मी लावली नाही. हे सगळं माझ्या पदरात. पण माझी चूक मान्य केली म्हणून त्या पानाची चूक माफ होत नाही, आणि आजचा लेख त्या पानाविरुद्ध आहे.

पहिलं उत्तर सगळीकडे एकच मिळतं. "सर, सिक्युरिटीचा रूल आहे." ठीक. रूल कुठून आला तेही बघू. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणारा ईमेल सापडला तो नवी मुंबईतल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरातल्या उघड्या वायफायवरून गेलेला. त्या बिचाऱ्याला काही पत्ता नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायबाबत सूचना काढल्या, की ते उघडं ठेवू नका, वापरणारा कोण ते कळलं पाहिजे. भीती खरी होती, सूचनेमागचा हेतू योग्य होता. माझं त्याच्याशी भांडण नाही.

पण आमच्या घरात तार आली तेव्हा इंटरनेटवाल्याने आईचा फोटो घेतला, आधारची झेरॉक्स घेतली, विजेचं बिल घेतलं, सही घेतली. तार आमच्याच खांबावरून आमच्याच भिंतीत येते. तिच्या टोकाला कोण आहे हे त्याला रोज रात्री बारा वाजता नव्याने का कळायला लागतं? आणि समजा ओळख पटवायचीच आहे, तर त्याचा जुना आणि साधा मार्ग आहे. पीपीपीओई म्हणतात त्याला. नाव-पासवर्ड एकदाच राउटरमध्ये भरून ठेवायचं, वीज आली की राउटर स्वतःच आपली ओळख देतो. नोंद तीच, वेळ तीच, पोलिसांना हवी ती माहिती तीच. देशभरात लाखो घरांत हेच चालतं. म्हणजे रोजच्या पानाने सुरक्षेत काडीचीही भर पडत नाही. भर पडते ती वसुलीत. महिना संपला की पानावरच "रिचार्ज करा" दाखवता येतं, त्या मधल्या काळात नव्या प्लॅनची जाहिरातही दाखवता येते. मग तसं म्हणा ना. वसुलीसाठी आहे म्हणा, मी ऐकून घेईन. अहमदाबादच्या मेलेल्यांच्या नावावर का खपवता?

दुसरं उत्तर, "सर, लोक एक कनेक्शन घेऊन सहा घरांत वाटतात." वाटतात. आमच्याच आळीत गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या तारा मी पाहिल्यात, एक तर वाळत घातलेल्या साडीला बांधलेली होती. पण लॉगिनच्या पानाने हे थांबतं का? एकदा राउटरने लॉगिन केलं की त्यामागे सहा घरं असोत नाहीतर साठ, पलीकडून एकच यंत्र दिसतं. वाटणारे वाटतातच. अडतो तो डबा, ज्याला बिचाऱ्याला साधा ब्राउझर नाही. बरं, हा डबा खातो तरी किती? बोलणं चालू असताना जेमतेम ९० केबीपीएस. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. हजारातला एक हिस्सा.

आणि तिसरं उत्तर तुमचं आहे, मंडळी. "व्हॉट्सअॅप का नाही वापरत? आमची आजी वापरते की." आनंद आहे. तुमच्या आजीचे डोळे चांगले राहोत. पण हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. आईला बोलायचंय, तिला एक वस्तू येते, ती वस्तू चालवण्याइतकं तंत्रज्ञान जगात केव्हाचं आहे. तरी बदलायचं कुणी, तर तिने. पंचाहत्तरीत. अर्ध्या नजरेने. ज्याने पान बनवलं त्या तरुणाने मात्र काही बदलायचं नाही.

आईचा फोनवर विश्वास का आहे हेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या जरा आधी जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही, आजच्या लोहारा तालुक्यातलं, जमिनीला मिळालं होतं. आमच्या घरी फोन नव्हता. बाबा उजाडताच पीसीओवर जाऊन रांगेत उभे राहिले, पुण्याला काकाला कळवायला की आम्ही आहोत. दुपारी नंबर लागला. काका तिकडे रेडिओ लावून बसला होता आणि रडायलाच लागला म्हणे. त्यानंतर बाबांनी घरी फोन घेतला. आईच्या लेखी फोन म्हणजे गप्पांची वस्तू नाहीच. फोन म्हणजे "आम्ही आहोत" हे कळवायचं साधन. त्या साधनाच्या तोंडावर रोज रात्री बारा वाजता कुलूप घालणाऱ्याला मी काय म्हणू?

दादा, हे तुलाही आहे, रागावू नकोस. डबा पाठवणं सोपं असतं. तू डबा पाठवलास, मी प्रोग्रॅम लिहिला, दोघांनाही वाटलं आपण आईसाठी काहीतरी केलं. ती मुलगी रोज सकाळी ओट्यावर येऊन ओटीपी भरत होती, तिचे आभार आपण दोघांनीही मानले नव्हते. मी मानून आलो. तू पण फोन कर.

आता शेवट ऐका, कारण खरा संताप तिथेच आहे. आईच्या प्लॅस्टरच्या दिवसांत मी घरी होतो. तार बदलायला इंटरनेटवाल्याचा पोरगा आला, वीस-बावीसचा. मी सहज विचारलं, या राउटरला लॉगिनशिवाय कायमचं सोडता येईल का? हेल्पलाइनवर मला याआधी दोनदा "असं काही नसतं सर" म्हणून सांगितलं होतं. पोराने राउटर उलटा केला, खालचा बारा अक्षरांचा क्रमांक ऑफिसात फोन करून वाचून दाखवला, "ह्याला बायपास टाक" म्हणाला, आणि चहा प्यायला बसला. चहा निवायच्या आत झालं. पैसे नाहीत, अर्ज नाही.

"आधी सांगायचं ना काका," तो म्हणाला. "दुकानांच्या स्वाइप मशिनींना आम्ही असंच करतो."

म्हणजे पैसे घेणारं यंत्र पान वाचू शकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याच्यासाठी वाट आहे. टेलिफोनसाठीही तीच वाट आहे, पण ती कुणी सांगत नाही. फॉर्मवर एक ओळ छापायला काय जातं, की घरात फोन, कॅमेरा किंवा आजारी माणसाचं यंत्र असेल तर त्याचा क्रमांक इथे लिहा? मी त्यांना तसं पत्र दिलंय, पोच घेतलीय. सही आईने केली, डाव्या हाताने.

तुमच्या गावी असं पान असेल तर हेल्पलाइनच्या नादी लागू नका. तार ओढायला येणाऱ्या पोराला चहा पाजा आणि राउटरच्या पोटावरचा क्रमांक दाखवून "बायपास" हा शब्द उच्चारा. राउटर आणि डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आणि मोबाइल उशाशी ठेवा, चार्जिंगची तार तिथपर्यंत ओढून.

काल रात्री एक वाजता पुण्यात माझा लॅपटॉप वाजला, त्यावर आता आईच्या डब्याचा फोन येतो. मी धडपडत उठलो. आई म्हणाली, "काही नाही रे, लागतोय का बघत होते. झोप."